सभासदांनी फोनवरून मतदान करायचं अ‍ॅप: दीड वर्ष वापरल्यावरचा रिव्ह्यू

अ‍ॅपचं नाव लिहिणार नाहीये. तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्यातल्या निम्म्या अ‍ॅपच्या नाहीत, आमच्याच आहेत, शिवाय या प्रकारची जी अ‍ॅप्स मी पाहिली त्यांची रचना साधारण सारखीच होती. तुमच्या संस्थेत, संघटनेत, क्लबात कोणी म्हणत असेल की आता कमिटी कशाला, सगळं सभासदांनाच विचारू, फोनवर मत देतील, तर आधी हे वाचा.

आमचं सभासदांनी चालवलेलं वाचनालय आहे. सभासद साडेचारशेच्या आसपास. पूर्वी वर्षातून एक सर्वसाधारण सभा व्हायची, तीत सात जणांची कार्यकारिणी निवडायची आणि मग वर्षभर त्यांनीच सगळं ठरवायचं. सभेला यायची पन्नास-साठ माणसं, तीही दरवर्षी तीच. बाकीच्यांना वाटायचं की आपल्याला कोणी विचारत नाही, आणि ते खरंच होतं. म्हणून अ‍ॅप घेतलं. दर महिन्याला दोन-तीन प्रश्न, हो, नाही किंवा तटस्थ, मुदत सात दिवस, आणि ज्याला वेळ नाही त्याने विषयानुसार आपलं मत दुसऱ्या सभासदाकडे सोपवायची सोय.

चांगलं आधी सांगते. लॉगिन ओटीपीने होतं, मत गुप्त राहतं, निकाल मुदत संपल्याशिवाय कोणालाच दिसत नाही (हे फार महत्त्वाचं आहे, नाहीतर लोक वारं बघून मत देतात), आणि फॉन्ट मोठा करता येतो. पहिला प्रश्न होता वाचनालय संध्याकाळी एक तास उशिरापर्यंत उघडं ठेवायचं का. दोनशेच्या वर मतं पडली! सभेत कधी तोंड न उघडणारी माणसं त्या आठवड्यात काउंटरवर येऊन विचारत होती निकाल कधी लागणार म्हणून. मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला होता आणि आजही मी तो निर्णय त्या अ‍ॅपच्या खात्यात जमा धरते.

पण मागे वळून बघितलं तर तो प्रश्नच तसा होता. आपण ऑफिसमधून कधी सुटतो, मुलांना कधी आणायचं असतं, हे ज्याचं त्यालाच माहीत. त्यासाठी अहवाल वाचायला लागत नाही, कोणी तज्ज्ञ लागत नाही, साडेचारशे जणांना विचारलं की साडेचारशे खरी उत्तरं मिळतात. असे प्रश्न थेट लोकांना विचारावेत, त्यात कमिटीने मधे पडायचं काहीच कारण नाही.

मग आला लिफ्टचा प्रश्न.

आमचं वाचनालय दोन मजली आहे, मासिकं, संदर्भग्रंथ आणि वाचनकक्ष वर. लिफ्ट बसवायची तर साठवलेला बराचसा निधी त्यात जाणार, नाही बसवली तर तो नवीन पुस्तकं आणि डिजिटल कॅटलॉगला वापरता येणार. अ‍ॅपवर प्रश्न पडला, सोबत इंजिनिअरचा ४१ पानांचा पीडीएफ आणि कार्यकारिणीचं अर्ध्या पानाचं टिपण. प्रश्न असा होता: "लिफ्टचा प्रस्ताव पुढे ढकलण्यास आपली हरकत आहे का?" मी हा प्रश्न तीनदा वाचला. म्हणजे लिफ्ट हवी असेल तर "हो" दाबायचं, कारण हरकत आहे. नको असेल तर "नाही". शेजारच्या एका काकूंनी मला नंतर विचारलं, "अगं, मला लिफ्ट हवी होती, मी नाही दाबलं, म्हणजे ढकलू नका, बरोबर ना?" बरोबर नव्हतं. त्यांचं मत उलट्या बाजूला मोजलं गेलं होतं आणि एकदा दिलेलं मत बदलायची सोय अ‍ॅपमध्ये नाही.

हे फक्त आमच्याकडे होतं असं नाही. कॅलिफोर्नियात विधिमंडळाने केलेल्या कायद्याविरुद्ध सह्या गोळा करून तो मतदानाला आणता येतो, आणि तिथे "हो" म्हणजे कायदा राहू द्या, "नाही" म्हणजे रद्द करा. ज्यांनी सह्या गोळा केल्या त्यांना "नाही" हवं असतं. २०१६ साली प्लास्टिक पिशव्यांच्या बंदीवर असं मतदान झालं, आणि त्याच मतपत्रिकेवर पिशव्यांच्या पैशांचं काय करायचं यावर दुसरा वेगळा प्रस्ताव, जो पिशव्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या पाठिंब्याने आलेला. त्या वर्षी राज्यपातळीवरचे एकूण १७ प्रस्ताव होते आणि मतदारांना पाठवलेली माहितीपुस्तिका २२४ पानांची. २२४ पानं! नोकरी, घर, आजारपण सांभाळून हे कोण वाचणार? अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ सालीच मांडलंय की एका मताने निकाल फिरायची शक्यता इतकी कमी असते की माहिती मिळवायला वेळ न घालवणं हे मतदाराच्या दृष्टीने शहाणपणाचंच ठरतं. आळशी म्हणून लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, हिशोबच तसा आहे.

मीसुद्धा त्या ४१ पानांतली सहा वाचली. सातव्या पानावर भार आणि पायाचे तक्ते सुरू झाले, फोनवर ते बोटांनी मोठे करत बसायला लागायचं, मी बंद केलं आणि कार्यकारिणीच्या टिपणावर विसंबून मत दिलं. लिफ्ट नको, पुस्तकं घ्या. अ‍ॅपमध्ये मत द्यायला मला दहा सेकंद लागली असतील. याचं मला आजही वाईट वाटतं.

वाईट का वाटतं ते सांगते. टिपणात लिहिलं होतं की जिन्याचा त्रास होणारे सभासद ११ आहेत. लिफ्टचा प्रस्ताव मोठ्या फरकाने पडला, आणि साहजिकच होतं, ११ जणांसाठी सगळा निधी कोण घालवणार. दोन महिन्यांनी मी संध्याकाळी वर जात होते तर जिन्याच्या मधल्या वळणावर एक निवृत्त शिक्षक काका कठड्याला धरून उभे, दुसऱ्या हातात परत करायची तीन जाड पुस्तकं, श्वास लागलेला. मी पुस्तकं घेतली. ते म्हणाले, "आता महिन्यातून एकदाच येतो मी, पूर्वी रोज यायचो, आमच्या ग्रुपमधले तर यायचेच बंद झाले." मी विचारलं तुम्ही कळवलं नाहीत का कार्यालयात. तर म्हणाले कोणी विचारलंच नाही, आणि जिना चढवत नाही म्हणून अर्ज काय करायचा. तेव्हा लक्षात आलं की ते ११ म्हणजे ज्यांनी लेखी तक्रार केली होती तेवढेच. जे मुकाट्याने यायचे बंद झाले त्यांना कोणी मोजलंच नव्हतं. आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या फोनवर अ‍ॅपही नव्हतं, म्हणजे ज्यांच्यासाठी प्रश्न होता ते ना आकड्यात होते ना मतदानात.

कार्यकारिणीने हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, त्यांच्या फाइलमध्ये जे होतं ते त्यांनी लिहिलं. पण सगळं मतदान त्या एका आकड्यावर उभं होतं. स्वित्झर्लंडमध्ये अगदी असंच घडलंय, देशाच्या पातळीवर. फेब्रुवारी २०१६ मध्ये विवाहित जोडप्यांवर पडणाऱ्या जादा कराच्या प्रश्नावर मतदान झालं आणि तो जादा कर काढायचा प्रस्ताव ५०.८ टक्के लोकांनी फेटाळला. मतदारांना मिळालेल्या सरकारी माहितीत दोघंही कमावते असलेली सुमारे ८०,००० जोडपी यात येतात असं होतं. नंतर सरकारनेच कबूल केलं की खरा आकडा साडेचार लाखांच्या वर आहे. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते अख्खं मतदानच रद्द केलं. थेट लोकशाहीचा एवढा जुना सराव असलेला देश, १८७४ पासून कायद्यावर सार्वमत, १८९१ पासून लोकांना स्वतः घटनादुरुस्ती सुचवायचा हक्क, आणि तिथेही टिपणातला एक आकडा चुकला की सगळं चुकतं.

म्हणून अ‍ॅपबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार ही आहे की त्यात "माहिती" या टॅबमध्ये फक्त अ‍ॅडमिनलाच फाइल टाकता येते. विरोधी बाजूला जागा नाही, प्रश्न विचारायला जागा नाही, "हा आकडा कुठून आला" असं खाली लिहायची सोय नाही. स्वित्झर्लंडच्या पुस्तिकेत ज्यांनी सह्या गोळा करून प्रश्न आणला त्या समितीला स्वतःच्या शब्दांत बाजू मांडायला जागा असते. आमच्याकडे जिन्यावरच्या काकांना चार ओळी लिहायला मिळाल्या असत्या तर मी तरी दहा सेकंदात मत दिलं नसतं. ही सोय टाका म्हणून मी कंपनीला दोनदा ईमेल केलंय, उत्तर आलं की विचाराधीन आहे.

मग लोक म्हणतात बघा, म्हणूनच प्रतिनिधी बरे, सात जण निवडा आणि सोडून द्या त्यांच्यावर. याच्यात तथ्य आहे. आमच्या जुन्या खजिनदार बाई असले अहवाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायच्या, पेन्सिलने खुणा करायच्या, कारण सात जणांत त्यांचं मत जड होतं आणि सभेत त्यांना उत्तर द्यायला लागायचं. साडेचारशेतलं एक मत म्हटलं की ती जबाबदारीच विरघळून जाते. पण त्याच सात जणांच्या कार्यकारिणीने ११ चा आकडा लिहिला होता हेही विसरू नका. सातही जण टुणटुणीत, जिना कोणालाच जड नाही. थोड्या माणसांनी नीट वाचलं तरी त्यांना जे दिसत नाही ते दिसतच नाही.

मत सोपवायची सोय या दोन्हीतला सुवर्णमध्य म्हणून विकली जाते आणि मलाही ती फार आवडली होती. मी हिशोबाच्या विषयावरचं माझं मत एका ताईंकडे सोपवलं, त्या अकाउंट्समध्येच काम करतात, मला ताळेबंद कळत नाही, त्यांना कळतो. हवं तेव्हा परत घेता येतं, एखाद्याच प्रश्नावर स्वतः मत द्यायचं तर देता येतं. उत्तम. फक्त कोणाकडे किती मतं जमली आहेत हे अ‍ॅप दाखवत नव्हतं. सहा महिन्यांनी एका सभासदाने खटपट करून यादी काढायला लावली तर एका दादांकडे ३७ मतं होती. त्यांनाच माहीत नव्हतं! सोपवलेलं मत पुढे आणखी कोणाकडे सोपवता येतं, तशी साखळी होत होत त्यांच्यापर्यंत पोचलेली. ते स्वतः हादरले, म्हणाले मी तर घाईत मत देत होतो, मला वाटलं माझं एकट्याचं आहे. जर्मनीतल्या पायरेट पार्टीने २०१० पासून अशीच पद्धत पक्षाच्या आत वापरली होती, आणि तिथेही थोड्याच लोकांकडे खूप मतं जमा झाली. कार्यकारिणीत कोण आहे हे निदान बोर्डावर लिहिलेलं असतं, इथे न निवडलेला, न जाहीर केलेला प्रतिनिधी तयार होतो. आता नवीन अपडेटमध्ये आकडा दिसतो आणि आम्ही एका माणसाकडे जास्तीत जास्त पाच मतं अशी मर्यादा घातलीय. ती सेटिंग शोधा, "प्रगत" मध्ये आत कुठेतरी आहे, आपोआप चालू नसते.

एक गोष्ट मात्र मी अ‍ॅपच्या आणि लोकांच्या बाजूने सांगते. पूर्ण माहिती नसलेला माणूस मत द्यायला नालायक असतो हे मला मान्य नाही. १९८८ साली कॅलिफोर्नियात एकाच मतपत्रिकेवर विम्याशी संबंधित पाच प्रस्ताव होते, एकापेक्षा एक किचकट. आर्थर लुपिया या अभ्यासकाने मतदारांची पाहणी केली तर दिसलं की ज्यांना तपशील फारसा माहीत नव्हता पण विमा कंपन्या कशाच्या बाजूने आहेत एवढं माहीत होतं, त्यांनी जवळजवळ तसंच मत दिलं जसं सगळं वाचलेल्यांनी दिलं. म्हणजे प्रत्येकाने २२४ पानं वाचायलाच हवीत असं नाही, कोण कुठल्या बाजूला उभं आहे आणि का हे खरं-खरं कळलं तरी खूप होतं. आमच्या अ‍ॅपमध्ये नेमकं हेच कळत नाही. मत गुप्त हवंच, पण प्रस्ताव कोणी आणला, कोणी पाठिंबा दिला, रोज जिना चढणाऱ्यांचं म्हणणं काय, हे प्रश्नाखाली दोन ओळींत दाखवायला काय हरकत आहे?

लिफ्टचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पुन्हा मतदान घ्या म्हटलं तर अ‍ॅपमध्ये एकदा निकाली निघालेला प्रश्न वर्षभर परत घेता येत नाही असा नियम टाकलेला होता, आमच्याच कार्यकारिणीने, रोज रोज तेच तेच नको म्हणून. कारण पटण्यासारखं आहे. पण मला अथेन्सची गोष्ट आठवते, इ.स.पू. ४२७ ची. मिटिलिनी शहराने बंड केलं म्हणून अथेन्सच्या सभेने तिथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना मारायचा ठराव रागाच्या भरात केला आणि जहाज रवानाही झालं. दुसऱ्या दिवशी लोकांनाच ते सहन होईना, पुन्हा सभा भरवली, पुन्हा हात वर झाले, अगदी थोड्या फरकाने ठराव फिरला आणि दुसरं जहाज मागून सोडलं. वल्हेकरी वल्हवता वल्हवताच खात होते, आळीपाळीने झोपत होते, आणि जहाज जेमतेम वेळेत पोचलं. चूक उमगल्यावर पुन्हा विचारायची वाट बंद करणारा नियम कितीही सोयीचा असला तरी मला तो नको वाटतो.

शेवटी आम्ही वाचनालयाच्या जुन्या घटनेतलं एक कलम शोधून काढलं, साठ सभासदांच्या सह्यांनी विशेष सभा बोलावता येते. सह्या मी आणि आणखी तिघांनी दारोदार जाऊन गोळा केल्या, आणि खरं सांगते, लिफ्टबद्दल मला जे काही कळलं ते त्या दारांमध्ये कळलं. जिना चढवत नाही म्हणून येणं बंद केलेले २९ सभासद आम्हाला सापडले. सभेला गर्दी झाली. लिफ्ट हवी की नको यावर तासभर वाद, दोन्ही बाजू तापलेल्या, आणि मग मागच्या रांगेतून एक कॉलेजची मुलगी उठली आणि म्हणाली की वाचनकक्ष खाली आणा ना, खालच्या दोन खोल्यांत जुन्या फाइली आणि तुटक्या खुर्च्या आहेत, त्या वर न्या. सभागृह एकदम शांत झालं. हा तिसरा पर्याय कोणाच्याच टिपणात नव्हता, आणि हो-नाहीच्या बटणात तो येणारच नव्हता.

स्वित्झर्लंडच्या ग्लारुस प्रांतात लोक अजूनही मैदानात जमून हात वर करून मत देतात, आणि कोणीही उभं राहून दुरुस्ती सुचवू शकतं. २००६ साली तिथे २५ गावांचं एकत्रीकरण करून १० करायचा सरकारी प्रस्ताव होता, एका नागरिकाने तिथल्या तिथे सुचवलं की तीनच करा, आणि लोकांनी ते मंजूर केलं. ते बरोबर की चूक यावर मी बोलणार नाही, पण प्रश्न बदलायची ताकद मत देणाऱ्याच्या हातात होती. आमच्या अ‍ॅपमध्ये "सुधारणा सुचवा" असं काही असतं तर मी आणखी एक स्टार दिला असता.

आता वाचनकक्ष खाली आहे. शिक्षक काका पुन्हा रोज येतात, खिडकीजवळची खुर्ची त्यांची ठरलेली.

५ पैकी ३ स्टार. अ‍ॅप आम्ही सोडलेलं नाही, पण वापर बदललाय. वेळ, सुट्ट्या, कुठली मासिकं घ्यायची, हे थेट अ‍ॅपवर. रोजचा कारभार कार्यकारिणीकडे. कार्यकारिणीचा कुठलाही निर्णय तीस दिवसांत साठ सह्या आल्या तर मतदानाला, ही कल्पना स्विस पद्धतीवरूनच घेतली, तिथे संसदेच्या कायद्याविरुद्ध १०० दिवसांत ५०,००० सह्या लागतात. ज्यांच्याकडे अ‍ॅप नाही त्यांच्यासाठी काउंटरवर कागदी मतपत्रिका. आणि मोठा खर्च असेल तर आधी चिठ्ठ्या टाकून पंधरा सभासद निवडायचे, त्यांनी दोन रविवार बसून सगळे कागद वाचायचे, दोन्ही बाजूंना प्रश्न विचारायचे आणि एका पानाचं टिपण सगळ्यांना पाठवायचं. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात २०१० पासून हे केलं गेलंय, चिठ्ठीने निवडलेले वीस-पंचवीस मतदार काही दिवस बसले आणि त्यांचं पानभर निवेदन मतदारांच्या पुस्तिकेत छापलं गेलं. मला स्वतःला या पंधरा जणांकडून सगळ्यात जास्त आशा आहे, कारण ते आपल्यातलेच असतात आणि तरी त्यांनी वाचलेलं असतं.

आमचा पहिला गट गेल्या रविवारी बसला, विषय वर्गणी वाढवायची का. चिठ्ठीत काकूंचं नाव निघालं, त्याच, ज्यांचं मत उलटं मोजलं गेलं होतं. त्यांनी पहिला आक्षेप प्रश्नाच्या वाक्यावर घेतला आणि तो बदलून घेतला: "वर्गणी वाढवावी का? हो म्हणजे वाढेल, नाही म्हणजे आहे तेवढीच राहील." टिपण पुढच्या आठवड्यात येईल, मतदान झालं की हा रिव्ह्यू अपडेट करते.